आतल्या खोलीतली कॅसेट

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावातल्या त्या हिवाळ्यात सासरे आमच्याकडे आले, तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. साताऱ्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेला हा बोलका माणूस आता खिडकीशी बसून नुसता बर्फाकडे बघत राहायचा. सासूबाईंचा विषय निघाला की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. एके दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून घे." साताऱ्याच्या त्या रिकाम्या घरात ते एकटे काय करणार? नवरा काही वडिलांसमोर तोंड उघडणाऱ्यातला नव्हता. म्हणून मीच कंबर कसली.

शाळेत ते समुद्री चाच्यांची एक जुनी इंग्रजी कादंबरी अशी रंगवून सांगायचे की मुलं मधल्या सुट्टीतसुद्धा जागची हलायची नाहीत, हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. तिच्यावरचा सिनेमा त्यांना दाखवावा असं मनात आलं. व्हीसीआर आम्ही नुकताच घेतला होता.

व्हिडिओच्या दुकानात समोरच्या फळीवर त्या कादंबरीचा एकच सिनेमा होता, तोही जुनापुराणा, कृष्णधवल. आता मी पडले लक्ष्मी रोडवर साड्या घेत वाढलेली. चांगला माल दुकानदार बाहेर मांडत नाही, तो मागावा लागतो, हे बाळकडू मला आईकडून मिळालेलं. इथेही मागे पडदा लावलेली खोली होतीच. मी काउंटरवरच्या माणसाला विचारलं, याच गोष्टीचा आत काही भारीतला आहे का, भरपूर खर्च करून काढलेला? तो माझ्या साडीकडे आणि कुंकवाकडे बघत राहिला. "आर यू शुअर, मॅम?" मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांसाठी हवाय, ते शिक्षक होते. त्यावर त्याने आणखी काही विचारलं नाही. मुकाट्याने आत जाऊन कॅसेट घेऊन आला. वर शिडांचं झकास जहाज, तलवारी, लेसचे झगे. याच्यावर पाण्यासारखा पैसा ओतलाय, असं तोही म्हणाला. आपण बरोबर ओळखलं म्हणून मी खूश.

रविवारी दुपारी शेजारच्या मराठी काका-काकूंनाही बोलावलं. पोहे झाले, चहा झाला, कॅसेट लागली. सुरुवात अशी जोरदार की सासरे खुर्चीत पुढे सरकले. खरंखुरं जहाज, खरा समुद्र, वर वादळ. "वा!" ते म्हणाले. मग कप्तानाच्या खोलीत गव्हर्नरची बायको आली आणि तिला एकाएकी फार उकडायला लागलं. काकू म्हणाल्या, "अगंबाई, हिला थंडी नाही का वाजत?" तेवढ्यात कप्तानाने तीही सोय केली.

नवऱ्याने व्हीसीआरवर झडप घातली आणि घाईत नेमकं चित्र आहे तिथेच थांबवणारं बटण दाबलं. काका छताची बारकाईने पाहणी करू लागले. मी सोफ्यावरची चादर ओढून टीव्हीवर टाकली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. आता सासरे उद्याच विमानात बसणार, याबद्दल शंकाच उरली नाही.

सासऱ्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, परत लावला. मग वर्गातल्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, हे प्रकरण मूळ पुस्तकात नाही."

आणि स्वतःच हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. मग आम्हीही सुटलो. काकूंना तर ठसका लागला. हसता हसताच ते म्हणाले, "ही असती ना, तर म्हणाली असती, जन्मभर पोरांना हेच शिकवत होतात का?"

सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांच्या तोंडून निघालेला त्यांचा तो पहिला उल्लेख. त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही, पण या वेळी ते उठून गेले नाहीत. नवरा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. लग्नातल्या फजितीपासून शेवटच्या आजारापर्यंत ते सगळं बोलत राहिले, आम्ही ऐकत राहिलो. काका-काकू गेल्यावर मी खिचडी टाकली. जेवताना नवऱ्याने भीतभीत विचारलं, "बाबा, तिकिटाचं उद्या बघू का?"

"तिथे हिच्याबद्दल बोलायला आता कोण आहे?" असं म्हणून त्यांनी ताट माझ्यापुढे केलं. "वाढ अजून थोडी."