दोन पाण्यांची शिवण

बंदरावर तिला कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे 'वरच्या बाई' म्हणतात. कारण सरळ आहे, बाई वर असतात. किती वर? तेरा मजली इमारतीच्या गच्चीवर उभं राहा, तेवढ्या वर. क्रेनच्या लांबलचक हाताला तिथे एक काचेची केबिन लटकलेली, आणि केबिनच्या तळालासुद्धा काच. त्या काचेवर पाय रोवून, मान खाली घालून, स्वतःच्या गुडघ्यांमधून बघत बाई जहाजावरचे कंटेनर उचलायच्या आणि खालच्या ट्रेलरवर असे ठेवायच्या, की ड्रायव्हरच्या हातातला चहा हलू नये. एकोणीस वर्षं हेच काम. नवा कुणी आला की म्हणायचा, "यांचं बरंय, उंटावरून शेळ्या हाकायच्या!" अरे बाबा, एकदा वर जाऊन ये. तिथली एकेक शेळी वीस टनांची असते.

आणि नवरा कोण? शिंपी. घरातला दिवा गेला तर स्टुलावर चढायला बायकोची वाट बघणारा. स्टूल दीड हाताचं, तरीसुद्धा. एक आभाळाला लटकलेली, दुसरा जमिनीला शिवलेला, अशी ही जोडी. वरून काय दिसतं हे त्याने एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तिने सांगायला तोंड उघडलं की कानावर हात ठेवायचा. "नको गं, ऐकूनच पडेन मी."

चित्रं काढायचं खूळ शिरलं ते मानेच्या दुखण्यामुळे. डॉक्टर म्हणाले, "मान वर करून बघाल असं काहीतरी करा." बाईंनी रविवारचा चित्रकलेचा वर्ग धरला. वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये एक निवृत्त मास्तर झाडं, टेकड्या, होड्या आणि समुद्र शिकवायचे. जलरंग आणि मऊ पेस्टल खडू. मास्तर म्हणजे एकदम कडक! पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "पाणी ओल्याच्या मागे धावतं, कोरड्या कागदावर पाऊल टाकत नाही. एवढं कळलं तर जलरंग कळला." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि विसरल्या. आपण सगळे तेच करतो.

झाडं, टेकड्या बाईंना पटापट जमल्या. घोडं अडलं समुद्रापाशी. सगळ्यांच्या चित्रात समुद्र आडवा, शहाण्या मुलासारखा. बाईंच्या चित्रात तो कागदाच्या तळापासून वरच्या काठापर्यंत चढलेला. क्षितिज असलंच तर वर, नखाएवढं.

"बाई, तुमचा समुद्र उभा राहिलाय," मास्तर म्हणायचे. "भिंत झालीये त्याची. पाणी अंगावर येतंय माझ्या."

"मास्तर, मला असाच दिसतो."

"असा कुणालाच दिसत नाही. आधी क्षितिज शिका. मग प्रदर्शनाचं बघू."

झालं. सहा वर्षांत वर्गाची सहा प्रदर्शनं झाली आणि बाईंचा समुद्र एकदाही भिंतीवर लागला नाही.

मग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बंदरावर नोटीस लागली. एक तारखेपासून, म्हणजे शुक्रवारपासून, सगळ्या क्रेन खालच्या खोलीतून चालवायच्या. समोर पडदे, हातात दांडी, पाठीला गादीची खुर्ची. वरच्या केबिनला कुलूप. बाकीच्या ऑपरेटरांनी टाळ्या वाजवल्या. मानेचं दुखणं गेलं, वारा गेला, अजून काय पाहिजे! बाईंनाही आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना ती शिवण आठवली.

आता ही शिवण म्हणजे काय, ते सांगतो. बंदर आहे नदीच्या तोंडाशी. ओहोटीला नदीचं तपकिरी पाणी समुद्रात लांबवर जातं. ओहोटी संपून भरती लागली, की समोरून हिरवं पाणी रेटत येतं. दोघं समोरासमोर येतात आणि अडून बसतात. हे त्याच्यात शिरत नाही, ते ह्याच्यात मिसळत नाही. मध्ये एक वाकडीतिकडी फेसाची रेघ, पार लांबपर्यंत. दहा-बारा मिनिटं तशीच राहते, मग विरते. किनाऱ्यावरून ह्यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती फक्त वरून. बाईंनी एकदा वर्गात सांगितलं तर मास्तर हसले. "पाणी पाण्यात मिसळणारच हो!" झालं, सगळा वर्ग हसला.

बाईंनी ठरवलं, केबिनला कुलूप लागायच्या आत ही शिवण कागदावर उतरवायचीच. नाहीतर आपण एकोणीस वर्षं जे बघितलं ते आपल्याबरोबरच गेलं, आणि कुणी म्हणायचं, बाई थापा मारत होत्या.

भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं. सोमवारी भरती लागणार साडेआठला, मंगळवारी सव्वानऊच्या पुढे, बुधवारी दहा वाजून गेल्यावर, गुरुवारी अकराला. बाईंची पाळी सकाळचीच. चार दिवस, चार संधी. आनंदाने झोप उडाली बाईंची! नवरा म्हणाला, "लग्नाच्या आधी तरी एवढी उड्या मारत होतीस का गं?"

केबिनमध्ये जलरंग चालत नाहीत. केबिन हलते, वाटीतलं पाणी कुठे जाईल त्याचा नेम नाही. म्हणून खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत कापूस घालून पेस्टलचे तुकडे. ट्रेलर यायला दोन मिनिटं उशीर झाला, की मांडीवर पोस्टकार्डाएवढा कागद, बोटात खडू, अंगठ्याने पसरवायचं, की पुन्हा दांडीवर हात. खाली पिवळं हेल्मेट घालून उभा असलेला मुकादम वॉकी-टॉकीवर ओरडायचा, "वरच्या बाई, झोपलात का?" पाळी संपवून त्या उतरल्या की विचारायचा, "तुमचा अंगठा रोज निळा कसा हो?" एक दिवस बाईंनी चित्राचं, शिवणीचं, भरतीच्या वेळेचं सगळं सांगून टाकलं होतं. मुकादमाने मान डोलावली आणि विषय सोडला.

सोमवारी ढग आले. शिवण दिसली ती राखाडीत राखाडी. मंगळवारी नेमक्या वेळी जहाज ओढणाऱ्या एका टगबोटीने मधूनच नांगर फिरवल्यासारखं केलं. बाईंनी वर एकटीने अशा शिव्या दिल्या, की वॉकी-टॉकीचं बटण दाबलेलं नव्हतं हे नशीब. बुधवारी मात्र लख्ख ऊन, लख्ख शिवण! चार मिनिटांत कच्चं चित्र झालं. घरी पळत आल्या, चप्पल एक दारात, एक जिन्यात. मोठा कागद ताणला, तपकिरी लावला, हिरवा लावला, आणि दोन्ही रंग एकमेकांच्या गळ्यात पडले. चिखल! दुसरा कागद घेतला. पहिला रंग वाळू दिला, मग दुसरा. आता चिखल झाला नाही, पण कात्रीने कापून चिकटवल्यासारखी कड आली. वरून पांढऱ्या खडूने फेस ओढला, तर तो भिंतीवरच्या चुन्यासारखा दिसायला लागला. तिसरा कागद, पुन्हा चिखल. बाईंनी कपाळाला हात लावला, कपाळ तपकिरी झालं.

"ही दोन पाणी कशी काय मिसळत नाहीत?" त्या जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

नवरा मशिनवरून म्हणाला, "उद्या नीट बघ. शिवण वरून काढलेली नसते गं, दोन कापडांच्या मधून जाते." आणि पुन्हा पॅन्टला टीप मारायला लागला.

गुरुवार. शेवटचा दिवस. आणि नेमकं त्याच दिवशी काम हातघाईवर आलेलं, जहाज दुपारी सुटणार. पावणेअकरा झाले. ट्रेलरमागून ट्रेलर. अकराला दहा कमी. बाईंचा जीव टांगणीला. एकोणीस वर्षांत स्वतःच्या कामासाठी क्रेन थांबवली नव्हती, आणि आज थांबवायची तर कोणत्या तोंडाने? खाली डाव्या हाताला तपकिरी पाणी थबकलं होतं. हिरवं येत होतं. आलं, आलंच!

वॉकी-टॉकी खरखरली. "वरच्या बाई."

"बोला."

"ट्रेलर अडकलेत गेटवर. दहा-बारा मिनिटं लागतील. तोवर काही आवाज-बिवाज येतोय का तपासून घ्या. शेवटचा दिवस आहे."

बाईंनी गुडघ्यांमधून खाली बघितलं. वरून काय दिसत नाही? तीन ट्रेलर इथेच, क्रेनखाली रांगेत, एकाला एक चिकटून उभे होते. आणि त्यांच्यापुढे एक पिवळा ठिपका, पाठ फिरवून, समुद्राकडे तोंड करून.

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

मग डबी उघडली. आणि आज त्यांनी आधी चित्र काढलंच नाही, नुसतं बघितलं. फेस पाण्यावर पसरलेला नव्हता. तपकिरी पाणी त्या रेघेपर्यंत येऊन थांबत होतं, हिरवंही तिथपर्यंतच. रेघ दोघांच्या मधली होती, कुणाच्याच अंगावरची नव्हती. पाणी कोरड्या कागदावर पाऊल टाकत नाही! मास्तरांचं पहिल्या दिवसाचं वाक्य असं कानात वाजलं, की बाई केबिनमध्ये एकट्याच ओरडल्या, "अगं बाई! ती कोरडी ठेवायची!" रेघ आधी सोडायची, दोन्ही रंग तिच्या काठापर्यंत आणायचे, मध्ये केसाएवढा कागद कोरडा. दोन्ही ओले असले तरी मिसळायची काय बिशाद!

खडू चालायला लागले. टाचांच्या मधला बंदराचा धक्का, तो पिवळा ठिपका, जहाजाची शेपटी, पाणी, पाणी आणि शिवण. अकरा मिनिटांनी वॉकी-टॉकी म्हणाली, "ट्रेलर आले बरं का." बाईंनी पुढचा कंटेनर उचलला. आकाश ठेंगणं झालं होतं त्यांना, आणि त्या होत्याही तशा आकाशाच्या जवळच.

शुक्रवारी सुट्टी घेतली. घरातला सगळ्यात मोठा कागद पाटावर ताणून टेबलावर तिरका ठेवला. दोन्ही हातांत दोन ब्रश. नवऱ्याला पाट धरायला उभं केलं. "हलू नका. श्वास नंतर घ्या." डाव्या हाताने तपकिरी, उजव्याने हिरवा, दोन्ही ओले, फुगलेले, काठापर्यंत आले आणि थांबले. मध्ये केसाएवढी पांढरी वाट. एका ठिकाणी हिरवा थेंब डुलायला लागला, नवऱ्याने पाट अर्धा बोट उचलला, थेंब मागे सरकला. "थांबले!" तो म्हणाला. "अगं, खरंच थांबले की!" दोघंही तसेच उभे, अर्धा तास.

शनिवारी कागद कपाटाला उभा टेकवला, म्हणजे खडूची भुकटी खाली गळून पडते, आणि वरून पेस्टल घातले. फेसाला थोडा गुलाबी, जहाजाला गंज, ठिपक्याला पिवळा.

रविवारी वर्गाचं सातवं प्रदर्शन होतं. चित्र दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये आडवं धरून बाई हॉलवर गेल्या. फ्रेम करायला वेळच नव्हता. मास्तर खिळे मोजत होते. बाईंनी पुठ्ठा जरा उचलून दाखवला, त्यांनी लांबूनच बघितलं. "पुन्हा भिंत? बाई, माझ्याकडे जागाच नाही. खाली ठेवा कुठेतरी, टेकवून."

बाईंना असा राग आला! पण टेकवून कशाला ठेवतील? कुणाचा धक्का लागला असता तर खडू झडला असता. त्यांनी पुठ्ठा काढला, चित्र हॉलच्या मधोमध जमिनीवर आडवं ठेवलं, कुणी तुडवू नये म्हणून चारी बाजूंना खुर्च्या लावल्या, आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने मास्तर चहाचा कप घेऊन तिथून निघाले. वाटेत खुर्च्या कुणी ठेवल्या म्हणून कुरकुरत खाली वाकून बघितलं, आणि कप सुटला. चहा सदऱ्यावर. दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"अरे, धरा! पडतोय मी!"

सगळे धावले. मास्तर पडत नव्हते, नुसते खाली बघत होते. तेरा मजले खाली. पायांखाली धक्का, धक्क्यावर पिवळा ठिपका, आणि पुढे दोन पाणी, मधोमध शिवण.

"हे असं असतं?" मास्तरांनी विचारलं. आवाज अगदी वेगळा.

"भरती लागली की. दहा-बारा मिनिटं."

मास्तरांनी सदरा झटकायचं सोडून दिलं. "सहा वर्षं मी तुम्हाला क्षितिज शिकवत बसलो," ते म्हणाले. "आणि मी उभाच चुकीच्या जागी होतो. कुणी उचलू नका हे चित्र. इथेच राहील."

मग काय विचारता! भिंतीवरची चित्रं बिचारी एकटी पडली. जो येईल तो आधी शेजाऱ्याचा दंड पकडायचा आणि मग वाकायचा. मुकादम आला, पिवळं हेल्मेट नाही, केस विंचरलेले. बराच वेळ बघितल्यावर ठिपक्याकडे बोट केलं. "हा मी का?"

"तुम्हीच. गेटवर ट्रेलर अडकलेत ना, त्याची वाट बघताय."

मुकादम लाजला आणि बाहेर निघून गेला.

सगळ्यात शेवटी नवरा आला, दुकान बंद करून, गळ्यात टेप तशीच. बाईंच्या मनात आलं, ह्याला अडवावं. पण तो खुर्चीपर्यंत पोचला होता. त्याने खाली बघितलं आणि रंग उडाला त्याचा. डोळे मिटले, बाईंचा हात चाचपडत शोधला आणि धरला.

"इथे बसायचीस तू? रोज?"

"हो."

"एकदाही सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

मग त्याने काय करावं? खुर्ची बाजूला केली आणि जन्मभर जमिनीवर बसणारा तो माणूस जमिनीवर चक्क पालथा झोपला, कड्याच्या टोकावर झोपावं तसा. हनुवटी चित्राच्या काठाशी आणली आणि एक डोळा उघडला, मग दुसरा.

"अहो, उठा. लोक बघतायत."

"बघू देत," नवरा म्हणाला. दोन्ही हातांनी फरशी पकडलेली होती, पण डोळे उघडे होते. "तू बस इथे माझ्याजवळ. मला अजून खाली बघायचंय."