दसऱ्याला आणलेली लाल गाडी

माझ्याकडे लाल स्पोर्ट्स कार आहे. दोन दारांची, दोनच सीटची, जमिनीला जवळजवळ चिकटून चालणारी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्या मूर्खपणाची बरीच हकिगत येणार आहे आणि ती वाचून मला पश्चात्ताप झाला असं कुणाला वाटायला नको. सिग्नलला शेजारचा बाइकवाला हमखास वाकून विचारतो, "मॅडम, साहेबांची गाडी?" मी सांगते, "साहेब कोणी नाहीत. माझीच आहे." हे सांगताना मला आजही तितकाच आनंद होतो.

आम्ही चारकोपला राहतो. आई, बाबा आणि मी. सेक्टरमधली बैठी घरं, मधे सामायिक अंगण, आणि कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे सगळ्यांना माहीत. बाबा मूळचे मालवणकडचे. मुंबईत आले ते गिरणीत, साचेखात्यात फिटर म्हणून. साचे म्हणजे माग. शेकडो माग एका वेळी धडधडायचे, त्यात बाबांचे कान गेले. आता त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी पडेल ते काम केलं, पण त्यांचा एक जुना स्क्रूड्रायव्हर, लाकडी मुठीचा, अजून देवघराच्या खणात असतो. आईनं तो तिथून हलवायचा प्रयत्न दोनदा केला, मग नाद सोडला.

गाडी मी पहिल्यांदा पाहिली मढला. समुद्राकाठच्या एका बंगल्याच्या मालकाची होती. बंगला शूटिंगला भाड्यानं जायचा, त्यासोबत कधी कधी गाडीही जायची. नारळाच्या झाडाखाली ती अशी उभी होती की मी माझी मालाडची नोकरी, माझं वय, माझे गुडघे, सगळं विसरले. मालकानं एक फेरी मारू दिली. मी मनातल्या मनात तिला घरीच घेऊन आले होते.

आता गाडी घ्यायची तर दसऱ्याला, हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही. साडेतीन मुहूर्तांतला एक, आणि तो चार दिवसांवर आला होता. मालकालाही ते माहीत होतं. "दसऱ्याला नाही नेलीत तर दुसरी पार्टी तयार आहे," तो म्हणाला. मेकॅनिकला दाखवायला वेळ कुठे होता? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. मुहूर्त चुकू नये म्हणून मी गाडी तपासली नाही. मुहूर्त पाहिला, इंजिन पाहिलं नाही.

बाबांनी विचारलं होतं. आदल्या संध्याकाळी, चहा पिताना. "मी येव काय गो? बघूक?"

मी म्हटलं, "बाबा, ही तुमच्या काळातली मशीन नाही!" त्यांच्याशी हळू बोलून चालत नाही, त्यामुळे तो अपमान मी मोठ्यानं केला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं. बाबा "बरा" म्हणाले आणि कप विसळायला उठले.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडी घेऊन सेक्टरमध्ये शिरले. गेटजवळच्या स्पीडब्रेकरला तिचं पोट घासलं, तो आवाज माझ्या काळजातून गेला. पण अंगणात सगळे जमले होते. आईनं चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. नारळ फोडला. मग आत डोकावून म्हणाली, "आणि आम्ही दोघांनी बसायचं कुठे? एका वेळी एकच का?" सगळे हसले. मीसुद्धा.

बाबा मागे उभे होते. ते पुढे आले, बॉनेटवर तळवा ठेवला आणि इंजिन चालू कर अशी खूण केली. मी केलं, तरी त्यांनी तळवा बराच वेळ उचलला नाही. मग खिशातून तो स्क्रूड्रायव्हर काढला. "बॉनेट उघड," म्हणाले.

मला माहीत होतं ते काय करणार. टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, म्हणजे आतला आवाज हाडातून ऐकू येतो. लहानपणी दसऱ्याला ते मला गिरणी दाखवायला न्यायचे. सगळे साचे बंद, फुलांनी सजवलेले, आणि बाबा मला उचलून सांगायचे की ही मशीन चालू असताना ऐकायला हवी. पण त्या दिवशी अंगणभर मोबाइल वर झालेले, माझी लाल गाडी, मी नव्या साडीत, आणि माझा बाप इंजिनला स्क्रूड्रायव्हर लावून उभा राहणार! मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

"आत्ता नको बाबा, लोक बघतायत!"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. मग सगळ्यांसारखंच मला आपट्याचं पान दिलं, "सोन्यासारखी रव" म्हणाले आणि घरात गेले.

आठव्या दिवशी भर दुपारी लिंक रोडवर गाडीनं मान टाकली. आधी कसलीशी किंचाळी, मग तापमानाचा काटा वर, मग वाफ. मागून हॉर्न. एक रिक्षावाला जाता जाता ओरडला, "ताई, रथ ढकलायला माणसं बोलवा!" शेवटी टोइंगवाल्यानं ती चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गॅरेजला आणली. पट्टा फिरवणाऱ्या चाकाचं बेअरिंग जाम होऊन पट्टा तुटला होता. मेकॅनिकनं गाडी वर चढवली आणि खालून टॉर्च मारला. वर आरशासारखा लाल रंग, खाली सगळा गंज. पत्रा बोट लावलं की भुरभुरत होता.

आईला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "अगं, खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकतं होय? गावच्या घराच्या खिडक्यांचे गज किती वेळा बदलले आपण? कोकणातली ना तू?"

कोकणातली मी. गजांना हात लावल्यावर तळव्याला लागणारा तो तांबडा चुरा मला आठवत होता. पण समुद्राकाठी उभी असलेली गाडी पाहताना मला फक्त समुद्र दिसला.

विकून टाक, असं ऑफिसात सगळ्यांनी सांगितलं. मीही जवळजवळ ठरवलं. बाबांना मात्र कसं विचारू, ते सुचेना. विचारावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजला गेले तर बाबा आधीच तिथे, पांढऱ्या सदऱ्यात, मेकॅनिकच्या शेजारी वाकलेले. मेकॅनिक मला म्हणाला, "ताई, काकांनी पंप हातानं फिरवून स्क्रूड्रायव्हर लावला, म्हणतात पाण्याच्या पंपातपण आवाज आहे. मी मानलं नव्हतं. उघडलं तर खरंच! कुठल्या गॅरेजला होते हे?"

"गिरणीत," मी म्हटलं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते माझ्याच घरात.

गाडी उभी राहायला बरेच महिने गेले. खालचा कुजका पत्रा कापून नवा जोडला. बाबा रोज जेवून चालत जायचे, संध्याकाळी हात काळे करून यायचे. आई कुरकुरायची, पण त्यांच्या चालण्यात काहीतरी सरळ झालं होतं आणि ते तिलाही दिसत होतं. मी रविवारी जायची. पान्यांचे नंबर शिकले, तेल बदलायला शिकले, आणि गप्प बसायला शिकले. या तिन्हींत शेवटचं जास्त अवघड गेलं.

पुढच्या दसऱ्याला तीच गाडी, तेच अंगण, तीच माणसं. आई ताट घेऊन आली तशी बाबांनी हात आडवा केला. "रव जरा. बंद मशीनची पूजा कोणव करता. आधी आयकाक होया." मी इंजिन चालू केलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

साडीचा पदर खोचून मी वाकले. टोक टेकवलं, मूठ कानामागे धरली. सगळं अंगण बघत होतं. पुन्हा मोबाइल वर झाले होते.

"काय आयकाक येता?"

पंप फिरत होता, चाक फिरत होतं, पट्टा पळत होता, आणि कुठेही किरकिर नव्हती. गिरणीत ज्या आवाजानं त्यांचे कान नेले, तो आवाज ते एवढ्या मायेनं ऐकत आले होते, हे मला तिथे वाकलेली असताना कळलं. गाडीचा अभिमान होताच, पण त्या दिवशी तो दुसऱ्या नंबरवर गेला.

मी सरळ उभी राहिले. अपमान मोठ्यानं केला होता, तेव्हा हेही मोठ्यानंच सांगायला हवं होतं.

"बाबा, चुकलं माझं! गाडी बघायला तुम्हाला न्यायला हवं होतं!"

शेजारच्या काकू खिडकीत आल्या. बाबांनी माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "हळू बोल गो. आयकाक येता माका."