अक्कानं खाट सोडली

देवीवर माझी श्रद्धा आहे, पण बेताची. नवस बोलत नाही, अंगात येणाऱ्या बायकांपासून चार हात लांब उभी राहते आणि दर्शनाला निघण्याआधी रांग किती आहे याची चौकशी करते. माझी निम्मी नोकरी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून गेली. तिथे कुणी आजारी पडलं तर आधी डॉक्टर, मग देव, असा माझा क्रम होता आणि तो मला आजही बरोबर वाटतो. म्हणून हे मी चमत्कार म्हणून लिहीत नाही. मला ज्याचा उलगडा झाला नाही, असं काहीतरी घडलं, एवढंच सांगायचं आहे.

नोकरीतून मोकळी झाल्यावर मी धाराशिवच्या बाहेर असलेल्या एका निवारा केंद्राचं काम बघायला लागले. रस्त्यावर राहणारी, दारूने घरातून बाहेर पडलेली, मनाच्या आजाराने वाट चुकलेली माणसं आमच्याकडे येतात. अंघोळ, जेवण, औषध, झोप, या चार गोष्टी वेळेवर झाल्या की माणूस हळूहळू जागेवर येतो, असा आमचा अनुभव. कधी येत नाही, तोही अनुभवच. सोलापूरहून एक मानसोपचार तज्ज्ञ दर आठवड्याला येतात. स्वयंपाकघर शेवंताबाई सांभाळतात. सुभाष पूर्वी ट्रक चालवायचा आणि ट्रकपेक्षा जास्त दारू प्यायचा. तो आमच्याकडेच सुधारला आणि आता केंद्राची गाडी चालवतो. घरी परत जा म्हटलं की म्हणतो, "बाई, तिथं बायको हाय, इथं तुमी. दोन्हीकडं बोलणी खायचीच, मग पगारवाली जागा बरी."

अक्का आमच्याकडे आली ती उन्हाळ्यात. भूमच्या एसटी स्टँडवर ती कित्येक दिवस बसून होती. बाजाराच्या दिवशी तिथल्या चहावाल्याने फोन केला आणि सुभाष तिला घेऊन आला. वय चाळिशीच्या आसपास, केसांच्या जटा, पायाला जखम. नाव सांगेना, गाव सांगेना. बोलली तर दोनच शब्द. पानात भात वाढायला लागलं की हात आडवा करून "साकु, साकु" म्हणायची आणि पाणी हवं असलं की "नीर". दोन्ही शब्द कानडी. आम्ही तिला अक्का म्हणू लागलो आणि ती सीमेपलीकडची आहे असं सगळ्यांनी धरून चाललो. मीही. जटा सोडवल्या, पायाची जखम भरली, औषधाने तिची भीती कमी झाली, ती शेवंताबाईंजवळ बसून शेंगा फोडू लागली. पण तोंड उघडलं नाही.

आमच्यासारख्या केंद्रात माणसाला कायमचं ठेवता येत नाही. मागून येणारा तिष्ठत असतो. तिच्या भाषेच्या माणसांत ती बोलेल तरी, या विचाराने कर्नाटकातल्या एका संस्थेत तिला पाठवायचं ठरलं. पितृपंधरवडा संपता संपता, घट बसायच्या आत, त्यांची गाडी येणार होती. निर्णय माझाच होता. पण एकदा ती तिकडे गेली की इकडचं कुणी तिला शोधायला तिथे जाणार नाही, हेही मला माहीत होतं. चूक झाली असती तर ती जन्माची.

अशातच अक्काने खाट सोडली.

सगळं ठीक चाललेलं असताना एका संध्याकाळी तिने गादी गुंडाळली, उशी तिच्यावर ठेवली, दोन्ही भिंतीशी लावून खाली फरशीवर पदर पसरून आडवी झाली. शेवंताबाईंनी गादी परत घातली, तिने परत गुंडाळली. ओरडली नाही, रडली नाही. सतरंजी दिली तर घेतली. गादी मात्र नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ढेकूण झाले असतील म्हणून मी खाट अंगणात काढून उकळतं पाणी ओतलं. एकही ढेकूण निघाला नाही. अंथरूण ओलं होत असेल आणि लाज वाटत असेल, तेही बघितलं. तसंही नव्हतं. शेजारच्या बाईशी भांडण? त्या दोघी तर एकमेकींची वेणी घालायच्या.

सुभाष दारातून म्हणाला, "आमी गटारीत पडायचो तवा तुमी खाटंवर आणून टाकलं. आन् ही खाटंवरनं खाली उतरतीया. बाई, तुमच्या खाटंतच काय तरी हाय."

"तुझी जीभ खाटेला बांधून ठेवीन," शेवंताबाई म्हणाल्या. "गप ऱ्हा. तिला लई तरास हुतोय."

त्रास होतोय असं मला दिसत नव्हतं, आणि तेच कोडं होतं. डॉक्टरांनी तपासलं. आजार पुन्हा डोकं वर काढत असेल, नव्या जागी पाठवण्याआधी औषध वाढवावं का, असा त्यांना प्रश्न पडला. "अजून थोडे दिवस बघू," ते म्हणाले. ते म्हणाले तसं मी बघत होते. तिची झोप चांगली होती. भूकही होती. फक्त गादी नको.

त्याच आठवड्यात मला तुळजापूरला जावं लागलं, तेही गाद्यांसाठीच. नवरात्राआधी तिथले लॉजवाले जुन्या गाद्या बदलतात. त्या आमच्या कामी येतात. एका पुजारी घराण्यातल्या काकूंचं चार खोल्यांचं भक्तनिवास आहे. फोनवर त्यांनी "न्या की, पडूनच हायत" म्हटलं होतं. मी आणि सुभाष पोचलो. काकूंनी चहा दिला, वरच्या खोल्यांतल्या गाद्या दाखवल्या. उतरताना त्यांच्या स्वतःच्या खोलीत नजर गेली. पलंग भिंतीला उभा केलेला. गाद्या गुंडाळून कोपऱ्यात. जमिनीवर नुसत्या चटया.

"काकू, रंगकाम काढलंय का?"

"रंगकाम कुठलं ताई? आई पलंगावर गेलीय ना. ती झोपेतनं उठंपर्यंत आमच्या घरात कुणी गादीवर पाठ टेकत न्हाय. सासूबाईंच्या आधीपासनं हाय हे."

मी जिन्यात थांबले. नवरात्राआधी तुळजाभवानी सिंहासनावरून उतरून पलंगावर निद्रा घेते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझं माहेर भूमजवळच्या ईट गावचं, आमचीही कुलस्वामिनी तीच. पण देवीने झोपावं आणि आपण आपलं रोजच्यासारखं चालू ठेवावं, अशीच आमच्या घरची रीत. तिच्या झोपेचा मान म्हणून काही घरं गाद्या गुंडाळतात, हे मी कधी ऐकलंही नसेल, किंवा ऐकून सोडून दिलं असेल.

"किती दिवस झाले, आई झोपून?" मी विचारलं.

काकूंनी वार सांगितला. अक्काने खाट सोडली तो वार.

सुभाष गाद्या खांद्यावर घेऊन खाली उभा होता. तो गाद्या खाली ठेवून तिथेच बसला. सुभाषला गप्प बसवणारी गोष्ट मी प्रथमच पाहिली.

मग मी काकूंना सगळं सांगितलं. अक्काचा फोटोही दाखवला. त्यांनी चष्मा लावून निरखून बघितला आणि मान हलवली. "ओळखू येईना ताई. आन् ही रीत पाळणारी घरं गावात काय एक हायत व्हय?" मला धीर निघेना. त्याच दुपारी आम्ही दोघं गल्लीगल्लीतून फोटो दाखवत फिरलो. प्रसादाची दुकानं, बांगड्यांची दुकानं, धर्मशाळा. लोक कळवळले, पाणी विचारलं, पण ओळख कुणाला पटेना. दमून परत काकूंच्या ओट्यावर टेकलो तेव्हा त्या जरा रागावूनच म्हणाल्या, "साऱ्या गावाला विचारत सुटलाय. तिला विचारलं का?"

"उन्हाळ्यापासून विचारतोय. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही."

"नाव-गाव कशाला विचारता? ज्या माणसाचं सगळं गेलं, त्याला आधी तेच विचारायचं? आई कदी उठायची, ते विचारा."

परतीच्या घाटात मी हे डोक्यात घोळवत होते. खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या आयुष्यात मी माणसांना मला हवे तेच प्रश्न विचारत आले. त्याशिवाय व्यवस्था चालत नाही. पण त्या दिवशी माझी सगळी व्यवस्था संपली होती. कर्नाटकातल्या संस्थेची गाडी परवावर आली होती. मनात म्हटलं, आई, मला जे येत होतं ते करून झालं. आता तू झोपेत असलीस तरी तूच बघ. अशी प्रार्थना मी पूर्वी केली नव्हती. तिला प्रार्थना म्हणावं की हात टेकणं, ते मला सांगता येत नाही.

केंद्रावर पोचले तेव्हा अक्का व्हरांड्यात शेवंताबाईंबरोबर लसूण सोलत होती. मी तिच्याजवळ खालीच बसले. चार पाकळ्या सोलल्या. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "अक्का, आई कधी उठायची गं?"

तिचे हात थांबले. मग परत चालू झाले.

"घटाला," ती म्हणाली.

स्वच्छ मराठीत. शेवंताबाईंच्या मांडीवरून ताट घसरलं आणि लसूण सगळ्या व्हरांड्यात पसरला. तो वेचता वेचताच ती बोलत गेली, जणू कालचंच बोलणं पुढे चालू आहे. घटाला आई उठली की गाद्या उन्हात टाकायच्या. मग घटाची माती. माती आबा आणायचे. आबांना नवरात्रात बसायला फुरसत नसायची, कवड्या ओवायच्या असायच्या, माळा कमी पडायच्या. ती आणि दादा कवड्या निवडून द्यायची. फुटकी आली की दादा टपली मारायचा. मी एकही प्रश्न विचारला नाही. मला ते फार जड गेलं.

काकूंना फोन लावला. "कवड्यांच्या माळा करणारे आबा?" त्या म्हणाल्या. "अगं बाई. त्यांची लेक तिकडं कर्नाटकात, आळंदच्या पलीकडं दिली होती. ती ही? ती तर लई गुटगुटीत होती. म्हणून वळखली न्हाय मी."

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. सण तोंडावर, वर्षाची कमाई याच दिवसांत, तरी कवड्यांचं दुकान बंद करून आला. त्या दुपारी आम्ही त्या दुकानापर्यंत पोचलो नव्हतो. आबा आता नाहीत. सासरच्यांनी माहेरी कळवलं होतं की बाई घर सोडून गेली. "कुठं गेली, कशी गेली, ते विचारायला गेलो न्हाय," तो मान खाली घालून म्हणाला. "लाज वाटली. लोक काय काय बोलले. आमी खरं धरून बसलो." ती आजारी असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या सासरच्या घरात ते आलं असेल की नाही, कोण जाणे.

अक्काने त्याला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "दादा, तुला टक्कल पडलं की."

तो हसला, आणि मग त्याला हसू आवरेना, रडूही आवरेना. सुभाष त्याला हाताला धरून हौदापाशी घेऊन गेला.

डॉक्टरांशी मी त्याचं फोनवर बोलणं करून दिलं. गोळ्या रोज, तपासणी दर महिन्याला, औषध चुकलं तर पुन्हा त्रास, हे सगळं त्याने दोनदा विचारून घेतलं. "बरी व्हईल का पर?" या प्रश्नाला डॉक्टरांनी खोटं उत्तर दिलं नाही. "साखरेच्या आजारासारखं सांभाळावं लागेल," म्हणाले. भाऊ म्हणाला, "सांभाळतो." कर्नाटकातल्या संस्थेला मी कळवलं की गाडी पाठवू नका. त्यांनाही आनंद झाला.

आता माझ्या कोड्याचं. अक्काला तिथी कळली कशी? माझ्या खोलीत कॅलेंडर आहे, पण ती तिथे कधी आली नव्हती. शेवंताबाई शपथेवर सांगतात की त्यांनी देवीचा विषय काढला नाही. त्यांना स्वतःलाच ही रीत माहीत नव्हती. सुभाष म्हणतो, चंद्र बघून कळलं असेल. पण त्या दिवसांत आभाळ भरलेलं होतं. स्वतःचं नाव जिला सापडत नव्हतं, तिला तो दिवस सापडला. निघताना ती गाडीत बसली तेव्हा मी खिडकीशी वाकून विचारलंच. "अक्का, तुला कळलं कसं गं, आई झोपली ते?"

तिने माझ्याकडे नवलाने बघितलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच नवल.

"तुमाला न्हाय कळत?" ती म्हणाली.

गाडी गेली. त्यावर मी अजून विचार करते. मला कळत नाही, हे मात्र आता मी मान्य केलं आहे, आणि ते मान्य केल्यापासून कामात फरक पडला आहे. नव्या माणसाला मी लगेच नाव-गाव विचारत नाही. त्याच्याजवळ बसते. तो काय करतो आणि काय करत नाही, ते बघते. औषधं वेळेवर देते. तो क्रम बदललेला नाही. पण औषध आणि माणूस यांच्यामध्ये एक जागा असते, तिथे माझा हात पोचत नाही. ती जागा रिकामी आहे असं मी पूर्वी समजत होते.

दसऱ्यानंतर गर्दी ओसरली तेव्हा तुळजापूरला दर्शनाला गेले. नेहमी माझ्याकडे सांगायला पुष्कळ असतं: अमुकला नोकरी, तमुकची दारू सुटू दे, छप्पर गळतंय. त्या दिवशी गाभाऱ्यासमोर हात जोडले आणि मागायचं काही आठवेना. तशीच उभी राहिले. मागच्या बाईने पाठीला हात लावून "चला ताई, पुढं चला" म्हटलं, आणि ढकलतील तशी मी पुढे गेले.