बिजुरी काय खाते

खाणाऱ्या माणसाकडे बघत राहायची सवय निशाला वसतिगृहात लागली. सातवीपासून ती तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात होती. घर तिथून लांब, जंगलाच्या आत. बाप दसरू आणि माय सोमारी धानाचा एक तुकडा, मोहफुलं आणि तेंदूपानं यांवर वर्ष काढायचे. वसतिगृहात जेवण वेळेवर मिळायचं, पण वरणात डाळ शोधावी लागायची. दुधीभोपळा तर इतक्यांदा यायचा, की पोरींनी त्याचं नाव मामा ठेवलं होतं. उठला की मुक्कामाला हजर.

जेवणाच्या वेळेला टीव्ही चालू असायचा. पहाडावरच्या एका श्रीमंत शाळेतल्या पोरापोरींची हिंदी मालिका लागायची आणि सगळ्या जणी ताटातलं विसरून तिकडे बघायच्या. ती पोरं भांडायची, प्रेमात पडायची, रडायची. पण कधी जेवायची नाहीत. टेबलावर ताटं भरलेली असायची, घास मात्र कोणी उचलायचं नाही. हे आधी निशाच्या ध्यानात आलं आणि त्यातून पोरींचा एक खेळ निघाला. मालिका संपली की ताटावरच बसून ठरवायचं, कोणाला काय आवडत असेल. बाकीच्या पोरी सगळ्यांनाच पनीर आणि गुलाबजाम वाढायच्या, कारण त्यांना स्वतःला तेच हवं असायचं. निशाचं तसं नव्हतं. मालिकेत रेयांश नावाचा एक रागीट पोरगा होता. आई नसलेला, बाप मोटारींचा कारखानदार. त्याला सगळ्यांनी बिर्याणी दिली, तेव्हा निशा म्हणाली, "त्याले खिचडी आवडते. बिमार पडला तवा कामवाल्या बाईनं करून घातली असन. कोणाले सांगत नाई तो."

रेयांशची बिर्याणी तिथेच रद्द झाली. त्या दिवसापासून या खेळात निशाचा शब्द शेवटचा ठरला.

बारावीनंतर तिला नर्सिंग करायचं होतं, पण नंबर लागला नाही. ताडोबाच्या एका गेटाजवळ, वाघ बघायला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या रिसॉर्टात तिला वाढपाचं काम मिळालं. राहायला मागे एक खोली होती. कामात ती चांगली होती. कोण मुलांच्या ताटातलं उरलेलं खातं, कोण साहेबासमोर तिखट लागत नसल्याचं सोंग करतं, हे तिला न बघताच कळायचं.

तिथेच एका हिवाळ्यात ती मालिकावाली मंडळी येऊन उतरली. मालिका अजून चालूच होती. शाळेची पोरं जंगलात शिबिराला येतात, असा नवा भाग त्यांना करायचा होता. पहिले दोन दिवस निशा ट्रे घेऊन त्यांच्याच टेबलांभोवती घुटमळत राहिली. जग्गी नावाच्या विनोदी पोराचं काम करणारा नट नाश्त्याला नुसती उकडलेली अंडी खाताना तिने पाहिला, आणि सोबतच्या वाढप्याला, पिंटूला, ती हळूच म्हणाली की जग्गी असं खाणार नाही. ज्याच्या घरी खाणारी तोंडं खूप, तो दोन पोळ्या आधी हातात धरतो, मग भाजीकडे बघतो.

मागच्या टेबलावर ऋजुता बसली होती. मालिकेचे संवाद लिहिणाऱ्यांपैकी ती एक, मुंबईची, बोलायला गोड. तिने हे ऐकलं आणि निशाला जवळ बोलावून घेतलं. दुपारी जेवणघर रिकामं झालं की दोघी बसू लागल्या. ऋजुता विचारायची आणि निशा सांगायची. मालिकेतली नखरेल ईवा सगळ्यांत महाग पदार्थ मागवेल आणि चिवडून ठेवेल. रेयांशच्या खिचडीचं ऐकून तर ऋजुताने तिचा हातच धरला. निशाला आयुष्यात इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं. शाळेत नाही, घरी तर नाहीच.

मग ऋजुताने नव्या पात्राची गोष्ट काढली. शिबिरातल्या पोरांना जंगलात एक मुलगी भेटते. नाव बिजुरी.

"तिला काय आवडत असेल?"

निशाने बराच विचार केला. मग म्हणाली, "क्रीमचे बिस्कीट. उघडून आधी मंधातलं चाटन, मंग बाकीचं बहिणीले देईन."

ऋजुता हसली. म्हणाली, अगं, ती जंगलातली आहे ना, तुमच्याकडचं काहीतरी सांग. निशाने आंबील सांगितली, भाजलेली मोहफुलं सांगितली, लाल मुंग्यांची चटणी सांगितली. ऋजुता मान हलवत होती, पण तिचे डोळे अजून काहीतरी मागत होते. आणि त्या डोळ्यांसाठी निशाने घरातली गोष्ट बाहेर काढली.

निशा लहान असताना बांबूकटाईत दसरूच्या पायावर झाड पडलं. तो खाटेवर पडला आणि पावसाळ्याआधीच घरातला तांदूळ सरला. सोमारी जंगलातून कडू कांदे, म्हणजे रानातले कंद, खणून आणायची. हे कांदे तसेच खाता येत नाहीत, घसा सोलवटून निघतो. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत घालून रात्रभर नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, पुन्हा उकडायच्या. तेव्हा कुठे कडूपणा जातो. एका दिवशी निशाची धाकटी बहीण रजनी भुकेने कळवळली आणि पाण्यात ठेवायच्या आधीच तिने चकत्या तोंडात कोंबल्या. सोमारीने आधी पाहिली ती विस्कटलेली टोपली. चोरी केली म्हणून पोरीच्या थोबाडीत मारली. मग तिचं तोंड दिसलं. ओठ सुजलेले, जीभ बाहेर आलेली. पोर वाचली. पण त्यानंतर रजनी जेवल्याशिवाय सोमारीने कधी घास घेतला नाही, आणि या गोष्टीचा उच्चार घरात पुन्हा कोणी केला नाही.

सांगून झाल्यावर ऋजुताचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, हे निशा आजही मानते.

मंडळी निघून गेली. उन्हाळ्यात तो भाग दाखवला गेला. निशाने तो मोबाइलवर उतरवून घेतला, पण पाहिला नाही. घरच्यांसोबतच पाहायचा, असं तिने ठरवलं होतं. सुट्टी काढून ती गावी गेली. यातलं खाण्यापिण्याचं सगळं मी सांगितलं, असं तिने घरात पाय ठेवताच जाहीर केलं. दुपारी सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या ओट्यावर, चौघं मोबाइलभोवती बसली. दसरू अधू पाय सांभाळत टेकला. शेजारच्या रुखमाबाईसुद्धा येऊन उभ्या राहिल्या.

रेयांशने खिचडी खाल्ली. निशाने मायकडे बघितलं, माय हसली. मग बिजुरी आली. अंगाला काजळी फासलेली, गळ्यात हाडांसारखं काहीतरी, डोक्यात पिसं. तिच्या झोपडीत टोपलीत कांदे होते. जग्गीने ते चोरून तोंडात टाकले. त्याचे ओठ फुग्यासारखे सुजले, मागे पिपाणी वाजली. बिजुरीने त्याच्या थोबाडीत मारली, पुन्हा पिपाणी. मग बिजुरीने तेच कांदे उचलले आणि कच्चेच कराकरा चावून खाल्ले. "हमारा पेट लोहे का है," ती म्हणाली आणि सगळी पोरं हसली.

रुखमाबाई हसल्या. दसरू अर्धवट हसला आणि थांबला. रजनी आता दहावीत होती. ती उठून आत गेली.

सोमारी मोबाइलकडेच बघत होती. तिने विचारलं, "त्या पोरीले काहीच झालं नाई?"

"माय, ते नाटक आहे."

"थे समजते मले." मग तिने विचारलं, "थापड बी तूच सांगतली?"

निशाने मान खाली घातली. सोमारी एवढंच म्हणाली, "माह्या घरची भूक होती थे." आणि गाईकडे निघून गेली. रागावली नाही, रडली नाही. रागावली असती तर निशाला काहीतरी बोलता आलं असतं.

कामावर परतल्यावर निशाने ऋजुताला फोन लावला. ऋजुताने ओळखलं, आनंदाने बोलली. तिने लिहिलं होतं वेगळं, वरच्यांनी ते हलकंफुलकं करून टाकलं, असं तिने सांगितलं. तिचा आवाज खरंच पडला होता. पण पुढच्याच दमात ती म्हणाली, "बरं झालं तूच फोन केलास. पुढच्या भागात तळ्यावरच्या ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, एक मुलगी आणतोय. ती काय खात असेल गं?"

निशाने फोन ठेवला.

बिजुरी लोकांना आवडली. रिसॉर्टच्या मालकाने पावसाळ्यानंतर जेवणात बिजुरी थाळी सुरू केली. कांद्याच्या जागी रताळं तळून ठेवायचं. वाढायला निशाच हवी, असं त्याने ठरवलं. ती तिकडचीच म्हणून. तिच्यासाठी काळी साडी आणि पिसांची पट्टी आली. तिने नकार दिला, तेव्हा मालक शांतपणे म्हणाला की मूल गावाकडच्या दोन पोरी काम मागून राह्यल्या आहेत. दसरूच्या पायाला अजून औषध लागत होतं. निशाने पिसं लावली.

आता रोज कोणीतरी विचारतं, खरंच कच्चं खाता का? आधी ती समजावून सांगायची: राख, नाला, दोनदा उकडणं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. त्याला हे नको असायचं. आता ती हो म्हणते. लोक खूश होतात, तिच्याबरोबर फोटो काढतात. कोणाला काय आवडतं हे ओळखण्यात ती अजूनही चुकत नाही.

गावी ती जाते, पण पहिल्यासारखी नाही. रजनी तिच्याशी बोलते, शाळेचं, मैत्रिणींचं. जेवणाचा विषय निघाला की उठते. सोमारी ताट वाढते, पाणी देते, सारं पहिल्यासारखंच करते. फक्त घरातलं काही सांगत नाही. मागच्या खेपेला सांदीला ताजी माती लागलेली टोपली दिसली, म्हणून निशाने सहज विचारलं, माय, काय आणलं जंगलातून?

"काही नाई," सोमारी म्हणाली, आणि टोपलीवर फडकं ओढलं.