डाव्या डब्यातली जागा

रुख्माने केवळरामला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो तिच्याकडे पाहत नव्हता. नागऱ्याजवळच्या तिच्या माहेरी मंडळी तिला बघायला आली होती. ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तर नवरा मुलगा खुर्ची सोडून भिंतीपाशी उभा होता आणि तिच्या वडिलांच्या लाकडी कपाटावर बोटाच्या पेराने टकटक करत होता. आधी वर, मग खाली, मग मधोमध. प्रत्येक वेळी मान तिरकी करून ऐकायचा. वडिलांनी दबक्या आवाजात हाक मारली तेव्हा वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मांगची फळी सुटली आहे. वाजून राहिली."

फळी खरंच सुटली होती. रुख्माच्या वडिलांना राग आला, मामाला हसू आलं. रुख्माला मात्र वाटलं की हा माणूस आपल्याशी खोटं बोलणार नाही. त्याला आता बारा वर्षं झाली, आणि तो कधी खोटं बोललाही नाही.

आमगावला स्टेशनच्या रस्त्यावर केवळरामचं मोटार बांधायचं दुकान आहे. शेतातल्या पंपाची, राइस मिलची जळालेली मोटार आली की तो जुनी तार काढतो आणि नवी भरतो. हे पोटाचं काम. जीव अडकलेला आहे तो स्पीकरमध्ये. लग्नाआधी दोन हंगाम तो डीजेवाल्यांबरोबर वरातीत फिरला, आणि कान बधिर व्हायच्या आत बाहेर पडला. तेव्हापासून घरात बसून ऐकायचे स्पीकर तो स्वतः बनवतो. प्लाय कापून स्पीकरचा डबा ठोकतो. आवाजाचा जाड भाग, म्हणजे बेस, मोठ्या स्पीकरकडे आणि बारीक भाग लहान स्पीकरकडे धाडणारी तांब्याची कॉइल हाताने गुंडाळतो. मग आवाज कुठे चढतो, कुठे पडतो ते दाखवणारी मोबाइलवरची रेघ बघत तासन्‌तास बसतो.

गिऱ्हाईक आलं की तो आधीच सांगून टाकतो. "तीन गोष्टी आहेत. डबा लहान, बेस खोल, अन् कमी करंटात मोठा आवाज. दोन मांगा. तिसरी मी देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकत नाही."

"कंपनीवाले तर तिन्ही देतेत म्हणे," एखादा म्हणतो.

"मंग तिकडूनच घ्या ना भाऊ, माहं डोकं कायले खाता?"

अशाने धंदा वाढत नाही, हे रुख्माने त्याला पुष्कळदा सांगितलं होतं.

दुसरा घोळ भोकाचा. डबा चहूकडून बंद ठेवला तर आवाज नेटका येतो. तबल्यावर बोट पडलं की पडल्यासारखं वाटतं. पण बेस तोकडा. डब्याला खाली भोक पाडून त्यात प्लंबरकडचा तीन इंची पाइप बसवला, तर तोच स्पीकर कितीतरी खोल जातो. मात्र आवाज थोडा सैल होतो, आणि पाइपाची लांबी बोटभर चुकली तरी घुमायला लागतो. गावात सगळ्यांना खोल आवाज हवा असतो. केवळराम भोकाचे डबे करू लागला.

डब्याच्या आत काहीतरी मऊ लावावं लागतं, नाहीतर आतल्या भिंतींवर आवाज आपटत राहतो. आधी त्याने गादीवाल्याकडचा कापूस लावून पाहिला. तो महिन्याभरात खाली बसला. मग त्याला तणस सुचली. धानाची वाळलेली तणस बारीक कापायची, आतून भिंतींना थापायची आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा ठोकायचा. तणस ताठ असते, बसत नाही. मोबाइलवरची रेघही सुधारली. केवळरामला इतका आनंद झाला की त्या रात्री तो दोनदा जेवला. पुढच्या दोन वर्षांत त्याने तणस भरलेल्या सात जोड्या लोकांना दिल्या, आणि आठवी, सगळ्यात मोठी, एका दसऱ्याला स्वतःच्या घरी ठेवली.

त्यांची मुलगी आचल तेव्हा चौथीत होती. केवळरामनेच तिला एकदा दाखवलं होतं की गाणं लागलं की भोकातून वारा येतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती डाव्या डब्यापाशी बसकण मारायची आणि मनगटापर्यंत हात पाइपात घालायची. "पप्पा, फुंकर मारून राहिला," म्हणायची.

त्या वर्षीच्या धानाच्या कापण्या आटोपल्या. शेतातल्या बांधी रिकाम्या झाल्या. त्याच सुमारास एका संध्याकाळी केवळरामने गाणं मधेच थांबवलं.

"डावा डबा बदलला," तो म्हणाला.

"मले तर सारखाच लागते," रुख्मा म्हणाली.

"बेस वर सरकला. आतली जागा कमी झाल्यासारखा वाजून राहिला."

"जागा कशी कमी होईल? लाकूड का आत वाढते?"

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नवी कॉइल गुंडाळली. तिने भागलं नाही, म्हणून दुसरी. डाव्या-उजव्याच्या वायरी आलटून पालटून पाहिल्या. आठ दिवस हेच चाललं. जेवतानाही तो हवेत बोटाने आकडे काढायचा. आणि आचल रोज वाऱ्यात हात धरून बसायची.

नवव्या दिवशी रविवार होता. केवळरामने डाव्या डब्याचा मोठा स्पीकर खोलायला घेतला. रुख्मा जवळच ताटात तांदूळ निवडत होती. आठ स्क्रू निघाले. त्याने स्पीकर वीतभर बाहेर ओढला आणि तसाच थांबला.

"आचल, बाहेर जा," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता.

"काऊन?" आचलने विचारलं.

"जा म्हटलं ना."

रुख्माने वाकून पाहिलं. मच्छरदाणी फाटलेली होती. तणशीत कागदाच्या चिंध्या, दाण्यांचे फोल, उंदराने केलेलं घर होतं. आणि त्या घरावर वेटोळं घालून नाग बसला होता. त्याचं पोट मधोमध फुगलेलं होतं.

केवळरामने स्पीकर हळूच परत जागेवर बसवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. तेवढ्यात रुख्माला खालचा पाइप दिसला. तिने हातातलं ताट उभं केलं. तांदूळ खोलीभर पसरले. ताट पाइपाच्या तोंडावर लावून ती गुडघ्यांवर बसली.

"आचल, हेमेंद्रभाऊले बलावून आण. डब्यात साप आहे म्हण. धावत जा."

हेमेंद्र सर्पमित्र. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. पण तो तेव्हा कुणाच्या तरी गोठ्यात गेला होता आणि यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ नवरा-बायको एका डब्याला वरून-खालून धरून बसले होते. एकमेकांचं तोंड दिसत होतं, म्हणून बोलणं भाग होतं.

"तणशीत दाणे राहून गेले," केवळराम म्हणाला. "ते खायले उंदीर शिरला. उंदराच्या मांगं हा."

रुख्माने ताट आणखी घट्ट दाबलं.

"मले ऐकू आलं होतं, रुख्मा."

"काय?"

"आत काहीतरी आहे ते. जागा कमी झाली म्हटलं होतं ना मी."

"मंग?"

"मले वाटलं कॉइल चुकली."

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ताट हलेल म्हणून ओरडता येईना. आठ दिवस. ती मनात एकेक संध्याकाळ मोजू लागली आणि तीनच्या पुढे तिला जाता आलं नाही.

दारातून आचलचा आवाज आला. निरोप देऊन ती परतली होती. "मम्मी, काल मी हात घातला तर गार गार लागलं होतं. मले वाटलं पाइपच गार आहे."

केवळरामचं डोकं डब्यावर टेकलं. हात मात्र त्याने सोडले नाहीत.

हेमेंद्र आला. त्याने दोघांना बाजूला केलं आणि आकड्याने नाग बाहेर घेऊन बरणीत घातला. चार फुटांचा होता. "जेवण झालं होतं म्हणून सुस्त पडला, दादा," तो बरणीचं झाकण लावत म्हणाला, "नाहीतर…" रुख्माकडे पाहून त्याने वाक्य तिथेच सोडलं.

त्या दिवशी रुख्माने आचलचा हात साबणाने तीनदा धुतला. चौथ्यांदा न्यायला गेली तेव्हा पोरगी रडायला लागली, म्हणून थांबली. केवळराम ओसरीवर बसून होता. जेवायला उठला नाही.

"मी कोणाले काही सांगणार नाही," रुख्मा म्हणाली. त्याची बदनामी होईल असं तिला वाटलं होतं.

"सात घरं आहेत," तो म्हणाला.

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती तणशीचे डबे गेलेली घरं बोटांवर मोजू लागली.

सकाळी दुकान बंद ठेवून तो मोटारसायकलवर निघाला. रुख्मा मागे बसली. प्रत्येक घरी तो आधी सांगायचा, आमच्या डब्यात नाग निघाला, तुमचे खोलून पाहायचे आहेत. मग लांब चिमट्याने तणस ओढून काढायचा आणि पाइप लाकडाच्या चकतीने कायमचा बंद करायचा. सडक अर्जुनीला ढाबेवाला ईश्वरदास म्हणाला, "केवळराम, आमच्या डब्यात काहीच कसं नाही? आमाले काय हलका माल देला?" ट्रकवाले हसले. केवळरामने मान खाली घालून चकती ठोकली. डबा वाजवून पाहिल्यावर ईश्वरदासचं हसू गेलं. "अबे, दणका कुठं गेला?"

"गेला," केवळराम म्हणाला.

नागरा गावातल्या एका गिऱ्हाइकाच्या घरी पाळणा स्पीकरला लागूनच बांधलेला होता. त्या डब्यातून उंदराची पाच गुलाबी पिल्लं निघाली, डोळे न उघडलेली. घरच्या सुनेने बाळ उचललं आणि ती दुसऱ्या खोलीत निघून गेली. परतीच्या वाटेवर केवळरामने दोनदा गाडी थांबवली आणि हँडल धरून नुसता उभा राहिला. रुख्मा उतरली नाही. पण तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नाग निघाल्यापासून तिने त्याला शिवलं नव्हतं.

चार दिवसांत सातही घरं झाली. दोन गिऱ्हाइकांनी जोड्या परत केल्या. घरची जोडी केवळरामने स्वतःच फोडली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. केवळराम मोटारी बांधतो, आणि कुणी मागितलेच तर बंद डब्याचे स्पीकरही करून देतो. त्याच्या स्वतःच्या घरी स्पीकर नाही.