बँडसॉची तिरकी पट्टी

मी फिटर. भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये माझी बरीच वर्षं गेली आणि तिथे मला एक खोड जडली. जे मोजता येतं ते खरं, बाकी सगळं माणसांचं बोलणं. या खोडीपायी मी माझ्या थोरल्या भावाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास घालवला. तो विश्वास परत आला, पण त्यात माझं कौतुक करण्यासारखं फार नाही.

दादा गिरणीत सुतार होता. गिरणी बंद पडली तेव्हा पन्नाशीला टेकला होता. वहिनी गावी, मालवणकडे. तो माझ्याकडे मुलुंडला आला. आमची बैठी चाळ, मागे पत्र्याची पडवी. त्या पडवीत मी कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला जुना बँडसॉ उभा केला होता. वर-खाली दोन चाकं, त्यांवरून फिरणारं करवतीचं लांब पातं, मध्ये टेबल आणि टेबलावर लाकूड टेकवून सरळ पुढे सरकवायला एक पट्टी. दादा त्यावर जाड फळीच्या पातळ फळ्या काढायचा आणि त्यांचे देव्हारे करायचा. त्याचा देव्हारा एका घरात गेला की शेजारचं घर विचारत यायचं.

मशीनबरोबर आलेली पट्टी वाकडी होती. मी जेवणाच्या सुट्टीत घासून घासून नवी केली, केसाएवढा फरक दाखवणारी मोजायची डायल लावून बसवली. टेबलाच्या कडेशी एका रेषेत, केसाचा फरक नाही. आठवड्याभरात दादा म्हणाला, "पातां ओढता रे. भायरच्या अंगाक."

"पट्टी डायलने लावलीय, दादा. ती चुकायची नाही."

"मगे?"

"मग काय, तुझा हात ओढत असेल. वय झालं ना आता."

मी हे हसत म्हणालो. बायको चहा घेऊन दारात उभी होती, ती हसली नाही. दादाने उजवा हात वर धरला आणि बाजारात मासा उलटून बघावा तसा दोन्ही अंगांनी बघितला.

त्यानंतर प्रत्येक फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघत राहिली. तो रंधा मारून ती सारखी करायचा. त्यात लाकूड जायचं, दिवस जायचा. डोळे तपासून आला, चष्मा केला, तरी फळ्या तशाच. पावसाळा लागता लागता एक दिवस जेवताना म्हणाला, "टेशनाकडल्या सोसायटीत वॉचमन व्हयो आसा. दिवसपाळी. बसानच ऱ्हवाचां."

मी "बरं" म्हणालो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दादा त्या सोसायटीतल्या वॉचमनच्या खोलीत राहायला गेला आणि पडवी आता माझी झाली होती.

श्रावणात बायकोने स्वयंपाकघरात फडताळ मागितलं, म्हणून मी मशीनला फळी लावली. फळी पळाली बाहेरच्या अंगाला. पट्टी मोजली, बरोबर होती. दुसरी फळी लावली, तीही गेली. मग पट्टी काढून ठेवली, लाकडावर पेन्सिलीने सरळ रेघ मारली आणि नुसत्या हाताने रेघेवरून कापत गेलो. पातं रेघेवर ठेवायचं तर मला फळी तिरकी धरावी लागत होती. मशीन बंद केलं आणि तसाच फळी धरून उभा राहिलो.

मशीन जुनं, चाकं झिजलेली, पात्याचे एका बाजूचे दात बोथट. ते पातं आपल्या दिशेने चालत होतं, आणि मी पट्टी लावली होती टेबलाशी बरोबर, पात्याशी नव्हे. लोखंडात काम करणाऱ्याला हे सुचत नाही. दादाला ते तळहातातून पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि त्याने ते सांगितलंही होतं.

सोसायटीचं गेट घरापासून दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. नवी पट्टी करायला घेतली. पुढचं टोक एका खिळीवर फिरणारं, मागच्या टोकाला लांबट खाच, म्हणजे पातं ओढेल तशी पट्टी तिरकी करायची आणि दोन्हीकडून बोल्ट आवळायचे. मनात हिशेब असा, की दादा एकदा मशीन चालवेल, त्याचं त्याला कळेल, मला बोलायला लागणार नाही.

"भावोजींना सांगितलंत?" बायको विचारायची.

"पट्टी होऊ दे, मग."

"पट्टी बोलणार आहे का तुमच्या वतीने?"

पट्टी नवरात्रात झाली. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा, आणि ती थोरल्याने करायची. दादा सकाळची रजा घेऊन आला, खाकी पँटवरच. पाटावर रंधा, पटाशा, माझी मोजायची हत्यारं मांडली, मशीनला झेंडूचा हार घातला. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, लाकडाला पातं लावायचं नाही. लहानपणापासून मला हे ठाऊक. तरी दोन महिने सगळा बेत करताना नेमकं तेच विसरलो होतो.

मशीनला कुंकू लावता लावता दादाचं बोट पट्टीवर थांबलं.

"ही तिरकी बसवलंस?"

"हो."

"तू?"

"मुद्दाम."

"कित्याक?"

एरवी मी बटण दाबून दाखवलं असतं. बटणावर झेंडूचं फूल होतं. बायको नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती.

"दादा, तुझा हात बरोबर होता," मी म्हणालो. "पातंच ओढत होतं. चूक माझ्या पट्टीची होती."

त्याने चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला. "म्हणजे ह्यो चष्मो फुकटच."

बायको हसली, आणि मग तोही.

"कधी कळलां तुका?"

"काल," मी म्हणालो.

"बरां," म्हणून त्याने राहिलेली पूजा केली.

दसऱ्याला सकाळीच आला. माझी पट्टी सैल केली, एका फळीवर रेघ मारून अर्ध्यापर्यंत कापली, मशीन थांबवलं आणि फळी जशी तिरकी राहिली होती तिला लावून पट्टी आवळली. मग जाड फळी घातली. निघालेली पातळ फळी दोन्ही टोकांनी सारखी. मी मोजायला हत्यार काढलं तर म्हणाला, "ठेव तां थंयच." अंगठा आणि बोटाच्या चिमटीत फळी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, आणि पुन्हा एकदा नेली.

त्या महिन्याअखेर त्याने खाकी पँट आणि खोलीची किल्ली परत केली. पुढे कितीतरी वर्षं पडवीत तोच उभा राहिला. आमच्या घरातला देव्हारा त्याचा, फडताळही शेवटी त्यानेच केलं. माझी चूक त्याने चारचौघांत कधी काढली नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. रोज त्या देव्हाऱ्यात दिवा लावताना हे आठवतं.

पण "काल" हे खोटं होतं. मला श्रावणातच कळलं होतं. दोन महिने मी कामाला जाता-येता त्याच्या गेटवरून जायचो. तो खुर्चीतून हात वर करायचा, तोच हात, आणि मी घड्याळ बघितल्यासारखं करायचो.

दादा आता गावी असतो. हे लिहिलेलं त्याला पोस्टाने पाठवणार आहे. चष्मा त्याला हल्ली खरंच लागतो.