तीर्थ की दारू

धाकू परब पिणाऱ्यांतला नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गिरणी बंद पडल्यावर तो गोरेगावच्या एका स्टुडिओच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. बरोबरचे झिंगायचे, हा आपला चहावर. पण वर्षातून एकदा, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, त्याच्या घरात देशीची बाटली यायचीच. ती गावच्या राखणदाराची. शिवेवरचा देव तो, घरादाराची राखण करतो. त्याला कोंबडा आणि दारू मिळाली नाही तर तो रुसतो, आणि तो रुसला की वाट लागली. जोगेश्वरीतली चाळ पाडून तिथं इमारत उभी राहिली, धाकू सातव्या मजल्यावर गेला, तरी गॅलरीच्या कोपऱ्यात राखणदाराचं पान चालूच राहिलं. मजला बदलला म्हणून देव थोडाच बदलतो!

अडचण एकच. गाऱ्हाणं घालायला दोन माणसं लागतात. एकानं मागणं मागायचं आणि दुसऱ्यानं प्रत्येक मागण्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणायचं. होकार देणारा नसेल तर गाऱ्हाणं फुकट गेलं. बायको सुगंधा होती तोवर ती म्हणायची. ती गेली. मुलगा निलेश कामावरून उशिरा येतो, आणि तसंही त्याला "व्हय म्हाराजा" म्हणायची लाज वाटते. मॅच बघताना सगळा मजला ऐकेल असा ओरडतो मेला, तेव्हा नाही वाटत लाज!

म्हणून यंदा धाकूनं समोरच्या दाराची बेल वाजवली. तिथं प्रबुद्ध सोनावणे राहतो, चाळीपासूनचा शेजारी. त्याच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्या घरात दारूचा थेंब आलेला नाही. प्रबुद्ध देवबीव मानत नाही, पण म्हाताऱ्याचं मनही मोडत नाही. त्या संध्याकाळी तो ऑफिसात होता आणि घरात त्याचा मुलगा सम्यक एकटाच होता. सम्यक अकरावीत शिकतो. धाकूच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून रोज त्याला पेपर वाचून दाखवतो. धाकूनं त्यालाच आपल्या गॅलरीत आणून उभं केलं.

सम्यकनं "व्हय म्हाराजा" इतकं खणखणीत म्हटलं की धाकूला भरून आलं. त्यानं गाऱ्हाण्यात या पोराच्या बारावीचं मागणंही घुसडून दिलं. मग ग्लासात थोडी ओतून पुढे केली.

"आजोबा, आमच्यात नाही चालत," सम्यक म्हणाला.

"अरे, दारू नाय चालत. ह्या तीर्थ. ज्यान व्हय म्हटल्यान त्याका तीर्थ घेवकच लागता. नायतर तो कोपतलो."

पोरगं भिडस्त. घेतलं त्यानं, तोंड वाकडं करून. राखणदाराचं उरू द्यायचं नसतं म्हणून धाकूनं आणखी ओतलं, तेही घेतलं. तोंडाला वास येत असताना आईबापांसमोर कसं जायचं, म्हणून सम्यक जिन्यानं खाली चालला, जरा वारा खाऊन येऊ म्हणून. चौथ्या मजल्यावर पाय घसरला आणि कपाळ फुटलं, मनगट मोडलं. हॉस्पिटलात डॉक्टरांना वास आला. त्यांनी पोलिसांना कळवलं.

पोलिसांनी विचारल्यावर पोरानं सांगून टाकलं, "आजोबा आत होते. मीच चोरून घेतली."

निलेशला हायसं वाटलं. वकिलाशी बोलून येऊन त्यानं बापाला समोर बसवलं. "बाबा, अठराच्या आतल्या पोराला दारू दिली तर सात वर्षांपर्यंत सजा आहे. घर तुमच्या नावावर, बाटली तुमची. तो स्वतःच म्हणतोय ना चोरली म्हणून? मग झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहायचं."

धाकू गप्प राहिला. आपण दारू दिली असं त्याला खरंच वाटत नव्हतं. पण समोरचं दार उघडं असायचं, आणि त्यातून एकदा प्रबुद्धचा आवाज आला. "माझ्या आजोबांनी कमावलेलं एका संध्याकाळी घालवलंस. वर चोरी." त्यानंतर त्या घरात कोणी सम्यकशी बोललं नाही. पोरगं प्लास्टर सांभाळत खिडकीशी बसून राहायचं. पेपर वाचायला आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि चोर इथं सातव्या मजल्यावर चहा पीत बसलेला. धाकूला तो चहा कडू लागला.

जबाबासाठी दोन्ही घरांना चौकीवर बोलावलं. सबइन्स्पेक्टर द्रौपदी मॅडमनी धाकूला खुर्ची दिली.

"घर कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"बाटली?"

"माझीच."

"मुलगा म्हणतो, त्यानं चोरून घेतली. बरोबर?"

निलेशनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. धाकूनं तो बाजूला केला.

"नाय. तो नको म्हणत होतो. मियां पाजलंय."

"बाबा!" निलेश ओरडला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या सासरी, कणकवलीकडे, राखणदाराला अशीच राखण देतात. त्यांना काय झालं असेल ते बरोबर कळलं होतं. "आजोबा, नीट विचार करून सांगा. मला लिहायचंय. तुम्ही त्याला तीर्थ दिलंत, की दारू?"

एका शब्दाची फट ठेवली होती बाईनं. म्हाताऱ्याला तिच्यातून निसटता आलं असतं. धाकूनं बाकावर बसलेल्या सम्यककडे पाहिलं. मोतीबिंदूतून त्याला फक्त कपाळावरची पांढरी पट्टी दिसली.

"राखणदाराक तीर्थ," तो म्हणाला. "पोराक दारू. दारू लिवा."

मॅडमनी लिहिलं. निलेश उठून बाहेर गेला आणि वकिलाला फोन लावू लागला. प्रबुद्धनं धाकूकडे बघितलं नाही. तो बाकावर मुलाच्या बाजूला जाऊन बसला आणि त्यानं विचारलं,

"जेवलास का रे सकाळी?"